पोच देण्यास झालेला उशीर

प्रा. गंगाधरराव येरगीकर सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा सर दहा मिनिटं तेलुगूत बोलले आणि मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. आमच्या संबंधांची पुढची सव्वीस वर्षं याच पायावर उभी आहेत.

नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात पत्रकारितेचा वर्ग तेव्हा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेला खेटून भरत असे, त्यामुळे बातमीलेखन आणि कुजक्या अंड्यांचा वास या दोन गोष्टी माझ्या मनात कायमच्या जोडल्या गेल्या आहेत. मी लातूरचा. आमच्या गावातून दरवर्षी डॉक्टर आणि इंजिनिअर बाहेर पडतात. मीही पडलो, पण मागच्या दारानं. दोन वर्षं शिकवणीवर्गांची बाकं झिजवून आणि वडिलांची उमेद संपवून मी नांदेडला आलो होतो. पत्रकारितेत फारसं काही शिकायचं नसतं, अशी माझी खात्रीलायक माहिती होती.

पहिल्या दिवशी सर आले. पांढरा सदरा, खिशात तीन पेनं, त्यांतलं चालणारं एकही नाही. ते देगलूरकडचे, सीमेवरचे. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषा त्यांच्या तोंडात शेजारणींसारख्या नांदतात. त्यांनी हजेरी घेतली, चष्मा पुसला आणि तेलुगूत बोलायला सुरुवात केली. मधूनच हातवारे, मधूनच गंभीर चेहरा. आम्ही नव्या वर्गाच्या सभ्यपणानं माना डोलावत होतो. दहा मिनिटांनी सर थांबले आणि मराठीत म्हणाले, "पोचलं का?"

"हाव सर," सगळा वर्ग म्हणाला.

"काय पोचलं?"

सगळ्यांनी घाईनं वह्या उघडल्या.

"दहा मिनिटं मी आमच्या गावाकडच्या म्हशीचं वर्णन केलं," सर म्हणाले. "शिंगं, शेपूट, दूध, स्वभाव. तुम्ही माना डोलावल्या. ती म्हैससुद्धा एवढी डोलवत नाही." मग फळ्याकडं वळून त्यांनी लिहिलं : पाठवणं वेगळं, पोचणं वेगळं. "जगातल्या सगळ्या तारा, मनोरे आणि उपग्रह यांचा इतिहास एवढाच आहे. बाकी वर्षभर नुसता तपशील."

त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'पोचलं' हे उत्तर चालेनासं झालं. सरांनी काही सांगितलं की ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. जुळलं, तर ती पोच. सरांच्या पत्रव्यवहारालाही हाच नियम. ते पोस्टकार्डं लिहितात, अजूनही. विद्यार्थ्याचा लेख छापून आला, नोकरी लागली, नोकरी सुटली, की कार्ड येतं. आणि कार्डाच्या शेवटी दोनच शब्द असतात : 'पोच द्यावी.' ती आल्याशिवाय सर पुढचं कार्ड टाकत नाहीत.

सरांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ त्यांच्या गौरवासाठी आहे हे मला ठाऊक आहे, आणि गौरवही मी करणार आहे. पण वाचकांना आधीच सांगून टाकतो : हा लेख म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या एका कार्डाची पोच आहे. ती मी दिली नाही, म्हणून सात वर्षं मला कार्ड नाही.

आता सरांच्या कामाविषयी.

जगाच्या संपर्काचा इतिहास शिकवायला तेव्हा मराठीत धड पुस्तक नव्हतं. इंग्रजी पुस्तकं होती, ती ग्रंथालयाच्या कपाटात कुलूपबंद असत आणि कपाटाची किल्ली रजेवर असे. सरांनी स्वतः टिपणं काढली. हातानं लिहिलेली, झेरॉक्स करून टाचलेली. अक्षर असं की, शब्द ओळखण्यासाठी वाक्य कळावं लागे आणि वाक्य कळण्यासाठी शब्द. पण त्या टिपणांतला माणूस बोलत असे. 'बातमीला आधी पाय होते,' असं पहिलं पान सुरू होई. माणसाचे, घोड्याचे, समुद्रावर शीड. माणूस जेवढा वेगानं जाईल तेवढ्याच वेगानं त्याची बातमी जाई. मग तार आली, आणि बातमी पहिल्यांदा माणसाला मागं टाकून एकटी पुढं निघाली. "तेव्हापासून माणूस तिच्यामागं धावून राहिला," सर वर्गात म्हणत, "अजून गाठ पडलेली नाही."

समुद्राखालून गेलेल्या तारा शिकवताना सरांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि घरून काकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, शिवणाच्या डब्यातला लाल दोरा आणून टाचण्यांनी तारांचे मार्ग आखले. सगळे दोरे फिरून फिरून एका बेटाकडं जात होते.

"मुंबईची बातमी आफ्रिकेला जायची असेल तर?" सरांनी विचारलं.

"लंडनवरून, सर."

"मधी कोण बसलंय?"

"साहेब."

"मग बातमी कुणाची?"

पुढं साहेब गेला, सर सांगत, पण दोरे राहिले. मूठभर वृत्तसंस्थांनी जग आपसांत वाटून घेतलं होतं. गरीब देशाची बातमी श्रीमंत देशाच्या चष्म्यातून गरीब देशालाच परत वाचायला मिळे. हा एकतर्फी ओघ पुस्तकात चार प्रकरणं घेतो. आम्हाला तो एका रिळात कळला. काकूंना मात्र दिवाळीच्या तोंडावर लाल दोरा सापडेना, आणि त्यांची मतं वृत्तसंस्थांविषयी नव्हती.

सरांची पारिभाषिक शब्दांवर फार श्रद्धा नव्हती. शब्दकोशातला शब्द आला की ते आधी तो शेतात किंवा बाजारात चालतो का ते बघत. 'प्रसारण' शिकवताना त्यांनी विचारलं, "घरी पेरणी कशानं करता?" वर्गातली निम्मी पोरं शेतकऱ्यांची. "तिफणीनं, सर." "आणि कोथिंबीर, मेथी?" "मुठीनं फोकून." "झालं. इंग्रजीत रेडिओच्या प्रसारणाला जो शब्द आहे तो मूळ फोकून पेरण्याचाच आहे. टेलिफोन म्हणजे तिफण, दाणा ठरल्या ओळीत पडतो. रेडिओ म्हणजे फोकणं. कुठं पडेल ते वारा ठरवतो."

हिमायतनगरची वैशाली आमच्या वर्गात सगळ्यात तिखट. ती म्हणाली, "सर, फोकलेलं निम्मं बी पाखरं खातात."

"रेडिओचंही," सर म्हणाले. "लिहून घ्या सगळे. हे पुस्तकात नाही."

याच वैशालीच्या गावी सरांनी आम्हाला एकदा बसनं नेलं. बातमी लोकांपर्यंत जाण्याआधी मधे कुणीतरी बसलेला असतो आणि काय आत सोडायचं ते तो ठरवतो. त्याला पुस्तकात द्वारपाल म्हणतात. आम्हाला वाटलं, सर एखाद्या संपादकाला भेटवणार. त्यांनी आम्हाला स्टँडसमोरच्या हॉटेलात बसवलं. पहिल्या गाडीनं पेपर आला. हॉटेलमालक तो गिऱ्हाइकांना मोठ्यानं वाचून दाखवी. पाऊस वाचला, सोयाबीनचा भाव वाचला, कुणाच्या तरी म्हशीनं दोन रेडकं दिली ते वाचलं, आणि पहिल्या पानावरचं राजकारण पान उलटून गाळलं.

"ते का नाही वाचलं?" सरांनी विचारलं.

"दोन्ही पार्ट्यांचे लोक बसलेत, सर," मालक म्हणाला. "वाचलं की भांडतेत. भांडले की चहा कपातच राहतो, आन खुर्च्या अडकून पडतेत."

परत येताना बसमध्ये सर एवढंच म्हणाले, "मोठ्या पेपरात याहून मोठं कारण नसतं. फक्त खुर्च्या मोठ्या असतात." मी पुढं दोन वर्तमानपत्रांत नोकऱ्या केल्या. सरांचं हे विधान खोडून काढण्याची संधी मला कुणी दिली नाही.

सगळं जग आता एक खेडं झालं आहे, हे वाक्य तेव्हा सभा-संमेलनांतून फार चाले. महाविद्यालयात आलेल्या एका पाहुण्यांनी ते तीनदा म्हटलं. आभार मानायला सर उठले आणि त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, "पाहुणे खेड्यात किती दिवस राहिलेत?" मग स्वतःच सांगितलं, "मी अठरा वर्षं राहिलो. खेड्यात सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत असतं, आणि त्यातलं निम्मं खोटं असतं. जगाचं तसं होणार असेल तर आपण तयारीला लागलं पाहिजे." लोक हसले. आता खिशातल्या फोनवर दिवसभर जे येऊन पडतं ते बघताना मला ते हसणं आठवतं आणि थोडी लाज वाटते.

निवृत्तीनंतर सर संगणक शिकले. इंटरनेट कसं चालतं ते समजून घेतलं तेव्हा त्यांना झालेला आनंद मी पाहिला आहे. मला घरी बोलावून त्यांनी समजावलं, की आपण पाठवलेल्या मजकुराचे तुकडे होतात, ते वेगवेगळ्या वाटांनी जातात, आणि पलीकडचं यंत्र पोच पाठवतं. पोच आली नाही तर इकडचं यंत्र तोच तुकडा पुन्हा पाठवतं. "बघा," सर म्हणाले, "मी चाळीस वर्षं हेच सांगून राहिलो. सगळं जग पोचेवर चाललंय." फोनवरच्या निळ्या खुणांना मात्र ते पोच मानत नाहीत. ती त्यांच्या मते नुसती पाहिल्याची खूण, म्हैससुद्धा बघते.

इथं मी माझ्या कार्डाकडं येतो.

सात वर्षांपूर्वी मी लातूरच्या एका दैनिकात आठवड्याचं सदर लिहीत होतो. विनोदी. लोक ते वाचत, आणि लोक वाचतात हे मला रोज स्वतःला सांगावं लागे. एका दुपारी विषय सुचत नव्हता. फोनवर एक चित्रफीत आली. धर्माबादच्या एका दुकानात एक म्हातारे गृहस्थ रेडिओ कानाला लावून बसलेले. रेडिओवर बातम्या चालू, आणि हे निवेदिकेच्या मागोमाग तिचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणताहेत. मधेच रेडिओला दरडावताहेत, "फिरसे बोल. निगल मत." पुन्हा वाक्य. पुन्हा दरडावणं. खाली कुणीतरी लिहिलेलं : रेडिओशी भांडणारे चाचा.

मला विषय मिळाला. मी तासाभरात लेख लिहिला. देशात सगळेच बोलतात आणि ऐकत कुणी नाही; धर्माबादच्या या एका गृहस्थांनी मात्र सरकारी बातम्यांना उत्तर देण्याचं राष्ट्रीय कार्य हाती घेतलं आहे, वगैरे. दुकान कोणत्या रस्त्याला आहे तेही लिहिलं, म्हणजे लेख खरा वाटावा. लेख गाजला. त्याचे फोटो फोनाफोनांतून फिरले. कुठूनतरी फिरत ते मलाच आले, 'एकदा वाचाच' म्हणून.

चौथ्या दिवशी सरांचं कार्ड आलं. ते मी अजून जपून ठेवलं आहे. त्यावर एवढंच होतं :

'लेख पोचला. माणूस पोचला नाही. एकदा धर्माबादला जाऊन यावे. पोच द्यावी.'

मी गेलो नाही. पोचही दिली नाही. सर आता म्हातारे झाले, विनोद कळेनासा झाला, असं मी स्वतःला सांगितलं. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि उशिरा पोच देण्याची लाज पोच न देण्याच्या लाजेपेक्षा मोठी होत गेली. मराठीत पोच या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पावती, दुसरा समज. ज्याला बोलण्यावागण्याची समज नाही त्याला आपण पोच नसलेला म्हणतो. मी दोन्ही अर्थांनी तसा झालो होतो, आणि शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला हे कळायला सात वर्षं लागली.

सर बदलले नाहीत, हे मुद्दाम नोंदवलं पाहिजे. मधल्या काळात माझ्या आईचं ऑपरेशन नांदेडला झालं. बारा दिवस ती दवाखान्यात होती आणि बाराही दिवस सर स्कूटरवरून डबा घेऊन आले. ज्वारीची मऊ भाकरी आणि मुगाचं वरण; काकूंनी मीठ बेतानं घातलेलं. सर आईजवळ बसत, आदल्या दिवशी डॉक्टर काय म्हणाले ते विचारत, आणि तिनं सांगितलं की ते तिलाच परत सांगून खात्री करून घेत. त्यामुळं एकदा गोळ्यांच्या वेळेतली चूक सापडली. माझ्याशी ते सगळं बोलले. पावसापाण्याचं, पेपरांचं. कार्डाचं नाव काढलं नाही. शेवटच्या दिवशी मीच चाचरत म्हणालो, "सर, ते धर्माबादचं..."

"तुम्हाला मी कार्ड टाकलं होतं," सर म्हणाले. "यंत्र असतो तर पोच आली नाही म्हणून पुन्हा टाकलं असतं. मी यंत्र नाही." आणि डबा पिशवीत घालून निघाले.

मग या ग्रंथाचं ठरलं. वैशाली आता प्राध्यापक आहे आणि गौरव समितीची सचिवही. तिचा फोन आला.

"लेख लिहिणार का? सरांनी तुझं नाव सुचवलं नाही, मी सुचवलं."

"उपकार झाले, बाई."

"सरांची कार्डं सगळ्यांकडून गोळा करून राहिलो. ग्रंथात छापायची आहेत. तुझ्याकडं आहेत ना?"

"आहेत की. जुनी आहेत."

"नवी?"

मी तिच्या गावाकडच्या पावसाची चौकशी केली.

"म्हणजे अजून नाहीच आलं तुला," ती म्हणाली. "तू सगळ्या महाराष्ट्राला टोचत फिरतोस रे. एवढं एक स्वतःला टोचून घे की."

मी धर्माबादची बस पकडली.

दुकान सापडायला वेळ लागला नाही; पत्ता मीच छापला होता. चित्रफितीतले ते गृहस्थ, ख्वाजामियाँ, आता पंच्याऐंशीच्या पुढचे आहेत. दुकानात मिक्सर, पंखे, मोबाइलचे स्पीकर, आणि वरच्या फळीवर ओळीनं रेडिओ. ते पान जुळवत बसले होते. मी नाव सांगितलं. त्यांनी डावा कान पुढं केला. मी पुन्हा सांगितलं, आणि सदराचंही नाव सांगितलं, कारण आता अर्धवट सांगण्यात अर्थ नव्हता.

"हाव, हाव," ते म्हणाले. "बसा. लई चांगलं लिवता तुम्ही. नातीनं वाचून दाखवलं होतं. मीबी लई हसलो." त्यांनी पानाला चुना लावला. "मंग तिनं रस्त्याचं नाव वाचलं. तवा कळलं, ते मीच हाय."

ते पुढं बोलत राहिले, जसं गिऱ्हाइकाला बिघाड समजावतात तसं.

"माझा उजवा कान तरणेपणीच गेला. डावाबी अर्धाच. रेडिओ दुरुस्त झाला का न्हाई, ते माझ्या कानाला समजत न्हाई. मंग काय करायचं? बातम्या लावायच्या, आन बाई जे बोलती ते मागून बोलत जायाचं. गिऱ्हाईक समोर बसून आयकतं. तिचं आन माझं जुळलं, रेडिओ दुरुस्त. एखादा लफ्ज गायब झाला की अजून काम बाकी हाय. त्या पोट्ट्यानं निसता मलाच घेतला फोनमधी. समोर गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला घेतलंच न्हाई."

'आपल्या शब्दांत परत सांगा' हा सरांचा नियम मला त्या स्टुलावर बसून पहिल्यांदा समजला. सर वर्गात अनेकदा म्हणत, "माझे एक उस्ताद होते, ते म्हणायचे..." कोण उस्ताद, ते आम्ही कधी विचारलं नाही. आम्ही पत्रकारितेचे विद्यार्थी होतो.

"येरगीकर सर तुमचे..."

"गंगाधर? पंचायतीचा रेडिओ घिऊन यायचा. कॉलेजात होता तवा. रेडिओ घिऊन यायचा आन हितंच बसून राहायचा दिवसभर. समोर बसून आयकायला तो एक नंबर. लफ्ज सुटला की लगेच हात वर."

मग त्यांनी लेखानंतरचं सांगितलं. रागानं नाही. लोक दुकानासमोर थांबायला लागले. ख्वाजामियाँ काही बोलले की तेच मागून म्हणायचे आणि हसायचे. यांनी बोलणं बंद केलं. बोलणं बंद झालं तसे रेडिओ अर्धवट दुरुस्त होऊन जाऊ लागले, आणि परत येऊ लागले. शेवटी त्यांनी रेडिओ घेणंच बंद केलं. साठ वर्षांचं काम.

"तवा गंगाधर आला. इतवारी. नांदेडवरून बसनं. हातात स्वतःचा रेडिओ. म्हणाला, खाजाभाई, बिघडलाय. स्टुलावर बसला, आन सगळ्या रस्त्याला आयकू जाईल असं म्हणाला, बोला खाजाभाई, मी आयकतो. बाहेर पाच-पंचवीस लोक. मी बोलेना. तो म्हणाला, बोला. मी बोललो. बातमी संपली. गंगाधर उभा राहिला आन म्हणाला, जुळलं. पुढच्या इतवारी परत आला. त्याच्या पुढच्याबी. दोन महिने."

"रेडिओ एवढा बिघडला होता?"

ख्वाजामियाँ हसले. "काय बिघडला होता? नवा कोरा. मला काय समजत न्हाई? मी मागचं झाकण उघडायचो, फुंकर मारायचो, लावून द्यायचो. त्यालाबी ठाऊक, मलाबी. बाहेरच्यांना मंग मजा येईना. पाचव्या-सहाव्या इतवारी त्यातलाच एक आत आला आन म्हणला, चाचा, माझ्या बापाचा रेडिओ घरी पडलाय, आणू का?"

म्हणजे ज्या दोन महिन्यांत सर म्हातारे झाले असं मी लातूरला बसून ठरवत होतो, त्या दोन महिन्यांत सर दर रविवारी चांगला रेडिओ बगलेत मारून माझी चूक दुरुस्त करायला बसमध्ये बसत होते. याबद्दल त्यांनी मला, काकूंना, वैशालीला, कुणालाही एक शब्द सांगितला नव्हता. संज्ञापनाच्या प्राध्यापकांनी एवढी मोठी गोष्ट कुणापर्यंत पोचू दिली नाही, हा त्यांच्या कारकिर्दीतला एकमेव विरोधाभास.

मग मला जे बोलायचं होतं ते मी बोललो. लिहिताना मला शब्द सापडतात, बोलताना सापडत नाहीत. मी बरंच लांबण लावलं. घाई होती, सदर होतं, विषय नव्हता. ख्वाजामियाँ डावा कान पुढं करून शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी पान तोंडात टाकलं.

"थांबा," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही म्हणून राहिले, की तुम्ही न येता लिवलं. मला इचारलं न्हाई. आन ते चुकलं. जुळलं का?"

माझं सगळं लांबण त्यांनी गाळून टाकलं होतं. मुद्द्याचा मात्र एकही शब्द सुटला नव्हता.

"जुळलं," मी म्हणालो.

"मंग झालं की," ते म्हणाले आणि कुणाचा तरी मिक्सर पुढं ओढला.

तर सर, इथून पुढचं तुम्हाला उद्देशून, आणि तुमचा सगळा गोतावळा साक्षीला. तुमचं सात वर्षांपूर्वीचं कार्ड पोचलं. आपल्या शब्दांत परत सांगतो : ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्यासमोरच्या स्टुलावर आधी बसावं, ऐकावं, आणि जुळल्याशिवाय उठू नये. ते कार्डावर मावलं नसतं, म्हणून समितीची एवढी पानं घेतली. मी धर्माबादला जाऊन आलो. ख्वाजामियाँनी तुमच्यासाठी निरोप दिला आहे, 'गंगाधरला म्हणा, रेडिओ बिघडला न्हाई तरी घिऊन ये.' तो मी तसाच्या तसा पोचवतो आहे.

पोच मिळाली की पुढचं कार्ड, हा नियम तुमचाच. माझा पत्ता तोच आहे. सात वर्षांची कार्डं एकदम पाठवू नका. सवडीनं, एकेक करून पाठवा. प्रत्येकाची पोच मी देईन. पण मला पोच द्यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला अनुभवानं माहीत आहे. तेव्हा सकाळचं फिरणं चुकवू नका, स्कूटर आता काकूंच्या म्हणण्याप्रमाणे विकून टाका, आणि माझ्या पोची सगळ्या येऊन पडतील एवढी वर्षं हाताशी ठेवा.